पहिलीच्या बाई

बदली होऊन मी जांबखेडीच्या शाळेत हजर झालो, त्या पहिल्याच दिवशी माझी चूक काढली ती शाळेच्या स्वयंपाकिणीनं. तिसरी-चौथीचा एकत्र वर्ग होता. फळ्यावर हातच्याची वजाबाकी लिहिण्यात मी अगदी रंगून गेलो होतो. एवढ्यात दारातून आवाज आला.

"सर, तुमी मधात उभे राहून लिहून राह्यले. मांगच्या पोरायले निस्ती तुमची पाठ दिसते."

वळून पाहिलं तर हातात पळी घेतलेली एक बुटकी बाई उभी. पोरं तोंडात बोळे कोंबल्यासारखी हसू दाबत होती. अठरा वर्षांच्या नोकरीत मला हे कोणी सांगितलं नव्हतं. साहेबांनी नाही, सोबत्यांनी नाही, घरी बायकोनंही नाही, आणि ती तर काहीही सोडत नाही. मी शक्य तेवढ्या कोरड्या आवाजात विचारलं, "आपण कोण?"

"मी सैपाक करते. डाळ झाली, हे सांगाले आली होती," ती म्हणाली आणि निघून गेली. मी मुकाट्यानं फळ्याच्या कडेला सरकलो. तेव्हापासून आजवर मी कडेला उभा राहूनच लिहितो.

तिचं नाव वंदना. गाव पैनगंगेच्या अलीकडचं, तेलंगणातलं. नदी ओलांडली की महाराष्ट्र. गावातली निम्मी नाती पलीकडे, बाजार पलीकडे, आणि रेशनकार्ड तेवढं अलीकडे. शाळा मराठी माध्यमाची, पहिली ते पाचवी. कागदोपत्री मास्तर दोन होते, पण दुसरे सर कायम कुठल्या ना कुठल्या कामगिरीवर असायचे. म्हणजे पाच वर्ग आणि मी. अशा वेळी मास्तर काय करतो ते सांगायला मला लाज वाटत नाही, कारण सगळेच तेच करतात. तो वरच्या वर्गांना धरतो आणि पहिलीला पाटी देऊन बसवतो. पहिली कोणालाच नको असते. तिथली पोरं रडतात, चड्डीत करतात, घरी पळतात आणि वर्षभर घसा कोरडा केला तरी साहेबांना दाखवण्यासारखं काही हाती लागत नाही. माझ्या आधीच्यांनी पहिलीला स्वयंपाकघराजवळच्या ओसरीवर बसवलं होतं. मीही ती सोय मोडली नाही.

त्या ओसरीवर खरं तर वंदनाबाईंचं राज्य होतं, हे कळायला मला आठवडा लागला.

तिच्या अंबाड्यात कायम एक पेन्सिल खोचलेली असे. चुलीपासून हातभर अंतरावर, वाळूच्या घमेल्यावर एक जाडजूड गाईड उघडं असे. कापसाच्या बियाण्याच्या पिशवीचं चकचकीत प्लास्टिक त्याला कव्हर म्हणून घातलेलं. पानापानावर हळदीचे ठसे. नदीपलीकडच्या कॉलेजातून तिनं डीएड केलं होतं, शिक्षक पात्रतेची टेटही पास झाली होती. राहिली होती ती डीएससी, म्हणजे आमच्याकडची शिक्षकभरतीची परीक्षा. तिला मास्तरीण व्हायचं होतं, तेही कुठल्याही वर्गाची नाही. मी एकदा गमतीनं म्हटलं, "हायस्कूलचा नाद धरा की, मान जास्त." तर म्हणाली, "मान घेऊन काय करू? मले पयली पायजे."

डाळीला उकळी येईपर्यंत ती व्याख्या म्हणायची. एक दिवस ओसरीवरून माझ्या वर्गात प्रश्न आला.

"सर, अध्ययन म्हंजे वर्तनात झालेला कायमचा बदल, असं पुस्तकात देलं हाय. मंग परवा शिकलं अन् आज इसरलं, त्याले काय म्हनते?"

"त्याला पहिली म्हणतात," मी ओरडून सांगितलं. ती मोठ्यानं हसली. तिचं हसणं सगळ्या शाळेला ऐकू जाई आणि मग पोरंही कारण नसताना हसत.

ती गोड स्वभावाची वगैरे होती असा कोणाचा समज होऊ नये. भांडायला एक नंबर. तांदूळ खराब आला तर आणणाऱ्याला पोतं परत गाडीत टाकायला लावायची. तिच्या हातचं मीठ जास्त झालं असं म्हटलं की "आज उन्हं जास्त हाय, मीठ लागतेच" असं उत्तर तयार. स्वतःची चूक कबूल करणं तिच्या रक्तातच नव्हतं. आणि थोडी बढाईखोरही होती. "मी शाळेत कायम पयली येत होती," हे ती आल्यागेल्याला सांगे. एक गोष्ट मात्र तिला मुळीच खपत नसे. कोणी मुलाला "याच्या डोक्यात दगड भरलेत" असं म्हटलं की ती पळी खाली ठेवायची. एकदा मीच म्हणालो होतो. त्या दिवशी माझ्या ताटात तिनं न बोलता भात वाढला, आणि न बोलणं हे तिच्याकडून आलेलं म्हणून फार झोंबलं.

ताटांची गोष्ट सांगायलाच हवी. शाळेला जेवणाची नवी स्टीलची ताटं आली, सगळी एकसारखी. आपल्याकडे भांडं घरात आलं की त्यावर नाव घालतात. वंदनाबाईंनी दसऱ्याच्या सुट्टीत खिळा आणि दगड घेऊन प्रत्येक ताटाच्या काठावर एकेका मुलाचं नाव ठोकून काढलं. ठिपक्याठिपक्यांची अक्षरं, पण वळणदार. पहिलीची पोरं आधी आपापलं ताट ओळखायला शिकली. तेवढं जमल्यावर तिनं नवा कायदा काढला. आता ताट आपलं घ्यायचं नाही. हाताला येईल ते उचलायचं, नाव वाचायचं, आणि ज्याचं त्याला नेऊन द्यायचं. सगळ्यांची ताटं पोचली की मगच भात.

पहिल्या दिवशी नुसता गोंधळ. रोहितचं ताट रोहिणीकडे, रोहिणीचं राहुलकडे. राणी नावाची एक पोर हातात ताट धरून मधोमध उभी. तिला काही वाचता येईना. चौथीतल्या शहाण्यांनी नाव सांगायला तोंड उघडलं की वंदनाबाई डोळे वटारत. भात निवत चालला. मी भुकेला माणूस, मी म्हटलं, "अहो सांगून टाका ना, उद्या वाचेल."

"घाई काय हाय? भात थंडा झाला तं पोट दुखत नाही."

राणी ताटाच्या काठावर बोट फिरवत होती. 'मा' आला. 'या' आला. मग तिनं मान वर केली आणि ताट घेऊन थेट मायाच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. माया तिची शेजारीणच. राणीचा चेहरा तेव्हा असा झाला की मी भूक विसरलो. वंदनाबाईंनी मात्र काही कौतुक केलं नाही. "चला, हात धुवा," एवढंच म्हणाल्या.

त्या वर्षी तपासणीला साहेब आले. पहिलीला फळ्यावरचं वाचायला सांगितलं तर पोरं साहेबांच्या बुटांकडे बघत बसली. साहेबांच्या कपाळावर आठी. पण तेवढ्यात जेवणाची घंटा झाली आणि साहेबांच्या डोळ्यांदेखत ओसरीवर तो ताटांचा बाजार भरला. अडीच महिन्यांपूर्वी अक्षर न ओळखणारी पोरं पटापट एकमेकांची नावं वाचत पळत होती. साहेब बघतच राहिले. म्हणाले, "ही पद्धत कोणाची?"

मी म्हणालो, "आमचीच, सर."

आता 'आमची' या शब्दात पुष्कळ माणसं मावतात, असं मी स्वतःला नंतर बरेच दिवस सांगितलं. साहेबांनी माझी पाठ थोपटली. वंदनाबाई दहा पावलांवर भात वाढत होत्या. साहेब गेल्यावर मी ओसरीवर गेलो. मी तोंड उघडायच्या आत त्याच म्हणाल्या, "बरं झालं सर. माह्यं नाव घेतलं असतं तं साहेब म्हनले असते, सैपाकीन वर्गात काऊन?" बोलल्या त्यात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

वंदनाबाईंच्या घरी सासू होती, गयाबाई. आयुष्यभर दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचलेली, वाकलेली आणि जिभेनं तिखट. एकदा चहाला गेलो तर मला म्हणाली, "गुरुजी, हे परीक्षा कई होते हो? सुनेनं दोन पोरं काढले, पोरं शाळेत गेले, हिची परीक्षा काही पुन्हा आलीच नाही. नवरदेव बी येवढा भाव खात नाही." मग आवाज खाली आणून, "भाकरी मी थापते म्हनलं हिले. तू वाच. माह्या हातानं पाटी धरली नाही, हिच्या हातानं तरी खडू धरू दे." नवरा प्रकाश मालवाहू ऑटो चालवायचा आणि बोलायचा कमी. पण आदिलाबादला माल टाकून येताना दर वेळी वर्तमानपत्रातली भरतीची बातमी कापून खिशात घालून आणायचा. बातमी तीच असायची, "लवकरच."

शेवटी ती भरती निघाली, पण वंदनाबाईंची गाडी वेगळ्याच ठिकाणी अडली होती. मागच्या खेपेला तिनं परीक्षा दिली होती, मार्कही चांगले पडले होते आणि तरी ती राहिली होती. कारण ती इथली नव्हती. जन्म जांबखेडीचा, माहेर-सासर जांबखेडीचं, पण शाळा नदीपलीकडे मामाच्या गावी झालेली. आमच्या काठच्या गावांत हे घरोघरी चालतं. अलीकडे मराठी शाळा चौथी-पाचवीत संपते, पलीकडे मामा असतो आणि मामाच्या गावी दहावीपर्यंत शाळा असते. पोरीला तिकडे ठेवताना कोणाच्या मनात येणार की एक दिवस सरकार विचारेल, तू कोणत्या काठाची? शिक्षण जिथं झालं तिथला उमेदवार स्थानिक, असा नियम. बाहेरच्यांना जागा हातावर मोजण्याइतक्या. पलीकडे अर्ज करावा तर तिकडचे म्हणणार, तुमचं गाव तेलंगणात. दोन्ही काठांना तिचे नातेवाईक होते, पण अर्जात एकही काठ तिचा नव्हता.

या खेपेला नियम बदललेला होता. आता पहिली ते सातवी एवढ्याच वर्गांचा विचार होणार होता आणि त्यातली चार वर्षं जिल्ह्यात शिकलेली असली की उमेदवार स्थानिक. मी जाहिरात वाचली आणि ओसरीकडे जवळजवळ धावलो.

"वंदनाबाई, तुम्ही इथं किती वर्षं होता? याच शाळेत होता ना?"

"याच शाळेत. तिसरी झाली अन् मामानं नेलं."

"म्हणजे तीन वर्षं."

"तीन."

एक वर्ष कमी. ती तांदूळ निवडत होती, निवडत राहिली. मला तिच्यापेक्षा जास्त दुःख झाल्यासारखं वाटलं आणि तेच मला खटकलं. जी बाई मिठावरून अर्धा तास भांडते, ती एका वर्षावरून एक शब्द बोलू नये?

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी जुनी ट्रंक उघडली. दाखल-खारीजचं रजिस्टर, उंदरांनी कडा खाल्लेलं, पण मधली पानं शाबूत. तिचं नाव सापडलं. वडिलांचं नाव, जात, जन्मतारीख, दाखल झाल्याची तारीख. शाळा सोडल्याची तारीख. मी बोटांवर मोजलं. पुन्हा मोजलं. मग खिडकीतून हाक मारली.

"वंदनाबाई, अहो, हे तर चार होतात."

ती आली. दारातच उभी राहिली. मी रजिस्टर तिच्याकडे फिरवलं. ती त्या पानाकडे न बघताच म्हणाली, "नापासाचं वरीस बी धरते का, सर?"

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पहिली दोनदा. कायम पहिली येणारी बाई पहिलीत दोनदा बसली होती. ताकाला जाऊन भांडं लपवण्यातला प्रकार. फक्त हे भांडं तिनं पंचवीस वर्षं लपवलं होतं, नवऱ्यापासूनसुद्धा.

"सांगितलं का नाही काल?"

"काय सांगू? पयलीत नापास झालेल्या बाईले पयली कोन देईन?"

ती खाली बसली. बाईंच्या बोलण्याला कधी खंड नसायचा, पण त्या दिवशी शब्द थांबून थांबून येत होते.

"घरी मले सोनी म्हनत. माय, बाप, गल्ली, सारे सोनीच. शाळेत टाकलं तवा मास्तरनं मायले इचारलं, चांगलं नाव सांग. मायनं वंदना लिवाले सांगतलं अन् निंदनाले निंगून गेली. मले कोनं सांगतलंच नाही. मास्तर रोज हजेरी घेत. वंदना म्हनत. कोनी बोलत नाही. मास्तर म्हनत, गैरहजर. मी तेथंच बसून राहो. वरीसभर."

"अख्खं वर्ष?"

"पोरं लय होते सर, मास्तर येक. मी मांगं बसत होती. अन् पोरीची जात, गुपचाप. वर्साच्या शेवटी म्हनले, वंदनाची हाजरीच नाही, बसवा पुन्हा पयलीत."

मी रजिस्टरवरची धूळ उगाच पुसत होतो. ती पुढं सांगू लागली आणि तिच्या चेहऱ्यावर हळूहळू ऊन यावं तसं झालं.

"दुसऱ्या वर्सी येक बाई आल्या. त्यायनं हजेरीबुक ठेवलं बाजूले अन् येकायेकाजवळ येऊन बसल्या. माह्याजवळ आल्या. म्हने, तुले घरी काय म्हनते? मी म्हनलं, सोनी. मंग बाईनं पुसलं, अन् वंदना कोन हाय मंग? मी म्हनलं, थे तं शाळेत येतच नाही."

मी हसलो. मला हसू आवरेना आणि डोळ्यांत पाणीही आलं. दोन्ही एकदम आलेलं तिनं पाहिलं.

"बाई बी अशाच हसल्या होत्या," ती म्हणाली. "हसल्या अन् मले मांडीवर घेतलं. पाटीवर लिवून देलं. हे तू हायस. त्या दिवसापासून सर, मले दुसरं काही व्हावंच वाटलं नाही."

आता माझा एवढाच प्रश्न उरला होता की नापासाचं वर्ष मोजतात की नाही. दाखला मी लिहिला, जसं रजिस्टरमध्ये होतं तसंच, पहिलीपुढं 'दोन वर्षे' असं स्पष्ट लिहून. गावातल्या एका शहाण्यानं सुचवलं होतं की तिसरीच दोन वर्षं दाखवा, तेवढीच बाईची अब्रू राहील. वंदनाबाईच म्हणाल्या, "नोको. पयली लिवा. झाकून झाकून कटाळा आला." मग आम्ही तिघं, ती, प्रकाश आणि मी, ऑटोतून तालुक्याला गेलो. तिथले लेखनिक तेलुगू माणूस, चष्मा नाकाच्या टोकावर. त्यांनी दाखला वाचला, पुन्हा वाचला, नियमाचा कागद काढून त्यावर बोट फिरवलं. आम्ही तिघंही उभे. वंदनाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या. मी माझ्या मोडक्या तेलुगूत समजावायला सुरुवात केली, तर त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"संवत्सरं अंटे संवत्सरमे कदा, सार," ते म्हणाले. वर्ष म्हणजे वर्षच की, सर. आणि शिक्का मारला. बाहेर आल्यावर प्रकाश पहिल्यांदाच आपणहून बोलला. बायकोला म्हणाला, "दोनदा बसली तं सांगाचं ना. मी तं दहावीत तीनदा बसलो."

पुढचे महिने ती पिसाटासारखी अभ्यास करत होती. परीक्षा कॉम्प्युटरवर होती आणि तिनं आयुष्यात माउस धरला नव्हता. शाळेचा एक कॉम्प्युटर टेबलक्लॉथखाली विश्रांती घेत होता, तो उघडला. पहिले चार दिवस तिच्या हातातला बाण पडद्यावरून पळून जायचा आणि ती त्यालाही रागवायची. "अबे, थांब ना येका जाग्यावर." पाचव्या दिवशी राणी शेजारी उभी राहून शिकवू लागली, "बाई, हळू. घाई काय हाय?" वंदनाबाईंनी तिच्याकडे असं पाहिलं की मी तिथून सटकलो.

निकाल आला तेव्हा ती भाताचं आधण ठेवत होती. मी मोबाइलवर यादी उघडली. नाव होतं. मी ओरडलो, पोरं ओरडली. तिनं फोन हातात घेतला नाही. म्हणाली, "सर, पुन्हा वाचा. वडलाचं नाव बी वाचा." मी वाचलं. "जन्मतारीख?" तीही वाचली. मग तिनं डोळे मिटले, उघडले, तांदूळ आधणात टाकला आणि झाकण ठेवलं. त्या दिवशी भात लागला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. पोरांनी खरपूड खाल्ली आणि कोणी तक्रार केली नाही. तिनंही उन्हाचं कारण सांगितलं नाही.

तिला गुडीहत्नूरकडच्या एका वस्तीवरची शाळा मिळाली. जाताना ती गावभर फिरून प्रत्येकाला सांगून आली, आणि प्रत्येकाला हेही सांगून आली की ती पहिलीत दोनदा बसली होती. गयाबाई मला म्हणाली, "हिले काय झालं हो गुरुजी? इतके दिवस झाकलं अन् आता दवंडी पिटून राह्यली." मी म्हटलं, आता तिची ती पदवी आहे. ओसरी सुनी झाली. नवी स्वयंपाकीण चांगली आहे, मीठ बेताचं घालते. पहिलीचं काय करायचं हा प्रश्न चार दिवस मी टाळला. पाचव्या दिवशी खुर्ची उचलली आणि ओसरीवर नेऊन ठेवली. तिसरी-चौथीला पाठ द्यायला मला तेव्हापासून ओरडावं लागतं, पण पहिली आता माझ्याकडे आहे.

तिचे फोन यायचे. मला वाटलं होतं ती आनंदाच्या गोष्टी सांगेल. तर नाही. हजेरीचं ॲप चालत नाही, माहिती तिसऱ्यांदा मागितली, प्रशिक्षणाला बोलावून बोलावून वर्गात शिकवूच देत नाहीत, अशी तक्रारींची माळच. ऐकता ऐकता मला समाधान वाटू लागलं. बाई अगदी अस्सल मास्तरीण झाली होती.

तिला मी शेवटची पाहिली ती मराठी माध्यमाच्या शिक्षकांच्या एका प्रशिक्षणात, एका मोठ्या शाळेच्या हॉलमध्ये. ती तिसऱ्या रांगेत, मी पाठीमागं. आम्ही वाडवडिलांपासून मागंच बसतो. वही, पेन, इस्त्रीची साडी, अंबाड्यात पेन्सिल. पुढे कोणी तरी पडद्यावर काही दाखवत होतं आणि ती लिहून घेत होती. बहुधा सगळ्या हॉलमध्ये ती एकटीच.

मग चहा आला. तिथली स्वयंपाकीण, पंचविशीची पोरगी, मोठा ट्रे सावरत रांगांमधून येत होती. कप घेणारे कप घेत होते, कोणी तिच्याकडे बघत नव्हतं. मीही बघितलं नसतं. वंदनाबाईंची रांग आली आणि ती उठून उभी राहिली. मला वाटलं, जुनी सवय, आता ही ट्रे घेऊन वाटत सुटणार, आणि मला उगाच लाज वाटली. तिनं ट्रे घेतला खरा, पण शेजारच्या बाकावर ठेवून दिला. मग सरकून जागा केली आणि त्या पोरीचा हात धरून तिला जवळ बसवलं. ती बिचारी अवघडून बाकाच्या टोकावर टेकली. अख्खा हॉल चहासाठी खोळंबला होता आणि वंदनाबाईंचा आवाज काही हळू नव्हता.

"किती शिकली तू?"

"बारावी झाली, बाई."

"अन् मंग?"

"मंग लगन झालं. दोन लेकरं हाय."

"थे तं मले बी होते," वंदनाबाई म्हणाल्या, आणि अंबाड्यातली पेन्सिल काढून वहीचं एक कोरं पान फाडलं. "डीएडचा फॉर्म उनाळ्यात निंगते. नाव सांग तुह्यं. घरचं नाही, शाळेतलं."